साबडे मास्तरांची पडझड

साबडे मास्तरांना धड वस्तू बघवत नसे. नवा कप आणला की ते त्याच्याकडे परक्यासारखं बघत आणि त्याचा कान तुटला की त्याला घरचा मानत. आज मी हे हसत लिहितोय, पण ज्याने त्यांच्याबरोबर एका बिऱ्हाडात सहा वर्षं काढली त्याला विचारा! मी गणिताचा मास्तर. उदाहरण अर्धवट सोडणाऱ्या पोराला मी बाकावर उभं करत असे. आणि माझ्या नशिबी सोबती आला तो हा असा.

सन तीस-पस्तीसच्या आसपासची ही गोष्ट. बारामतीच्या आमच्या शाळेत ते ड्रॉइंगमास्तर होते. मी त्यांना दत्तोपंत म्हणे, पोरं पाठीमागे ‘पडके मास्तर’ म्हणत. गुळाच्या एका वखारीमागे आमच्या दोन खोल्या होत्या. मुंग्यांचं राज्य. माझ्या साखरेच्या डब्यापर्यंत त्या रोज येत, पण दत्तोपंतांच्या मेजापर्यंत कधी पोचल्या नाहीत, कारण मेजाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाडग्यांत उभे होते. त्या मेजावर त्यांचा ग्रंथ असे. पाणी आटलं तर ते आपल्या अंघोळीच्या बादलीतलं ओतत, आणि ते नसलं तर माझ्या.

कालव्यावरचा एक इंजिनिअर साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला होता. गावाने खाटा उचलल्या, आरसे उचलले, साहेबाचा अंघोळीचा टबसुद्धा उचलला. तो पुढे कुणाच्या तरी गोठ्यात म्हशीच्या आंबोणाला लागला. शेवटी राहिला कातडी बांधणीचा, पाटाएवढा एक ग्रंथ. आत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं होती, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची, इटली देशाकडची. एका किराणा दुकानदाराला तो हवा होता. जाड कागदाच्या पुड्या फाटत नाहीत, एवढाच त्याचा कलेशी संबंध. दत्तोपंतांनी त्याला तिथल्या तिथे आपली सायकल देऊ केली. दुकानदार सायकलवर टांग मारून गेला आणि हे ग्रंथ डोक्यावर घेऊन चालत घरी आले.

मी तो उघडून बघितला तेव्हा कपाळावर हात मारला. पानोपानी पडझड! मोडके खांब, निम्मी उभी निम्मी कोसळलेली कमान, भिंतीच्या फटीतून वर आलेलं झाड, खाली ओढा, त्यात पाय सोडून बसलेली माणसं, शेळ्या. "दत्तोपंत, ह्यासाठी सायकल दिलीत? ह्याहून बरी पडझड वखारीच्या मागच्या भिंतीला आहे."

त्यांना माझा राग कधी येत नसे, हीच मोठी पंचाईत होती. "अहो, ती भिंत पावसाने पाडली," ते म्हणाले. "ही चित्रकाराने पाडली आहे. ह्यातल्या बऱ्याच इमारती जगात कुठेच नाहीत. आधी मनात बांधली, खांबन्‌खांब उभा केला, आणि मग पाडली. युरोपात बरोक म्हणतात त्या भपक्याच्या काळातली माणसं ही. त्यांची कारागिरी बघा!"

मग अर्थ सांगायला सुरुवात होई. मोडका खांब म्हणजे गर्व. भिंतीतलं झाड म्हणजे काळ. त्याला घाई नसते. वाहतं पाणी म्हणजे आजचा दिवस. चित्रात कुठेतरी बोटभर उंचीचा एक माणूस असतोच आणि तो हात लांब करून दुसऱ्याला ते पडकं दाखवत असतो; तो म्हणजे शहाणपण. "आणि शेळी?" असं कुणी विचारलं की दत्तोपंतांचा चेहरा फुले. "शेळी म्हणजे आपण! साम्राज्य पडलं काय, राहिलं काय, तिला गवत मिळाल्याशी कारण." हे त्यांनी मला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, दूध घालायला येणाऱ्या काटेवाडीच्या गवळ्याला सांगितलं. गवळी बराच वेळ चित्र बघून म्हणाला, "शेळी गाभण हाय, मास्तर." दत्तोपंतांनी भिंग लावून बघितलं, आणि ती होती. त्या दिवशी त्यांनी गवळ्याला चहा पाजला, माझ्या वाट्याच्या दुधाचा.

खिशात ते एक पुठ्ठा ठेवत, मधोमध चौकोन कापलेला. कुठेही तो डोळ्यापुढे धरत. बाजारात धरत, देवळात धरत, आणि एकदा हेडमास्तर रागावत होते तेव्हा त्यांच्यावरही धरला. "तुमच्या डाव्या बाजूला जरा मोकळी जागा हवी होती," म्हणाले. हेडमास्तर तापट नव्हते म्हणून निभावलं.

पण दिपोटी साहेबांपुढे निभावलं नाही. शाळेची तपासणी होती. साहेबांनी टेबलावर कोरं करकरीत मडकं ठेवून पोरांना काढायला सांगितलं. चाळीस पोरांनी चाळीस मडकी काढली, एकही धड नाही! कुणाचा काठ उडालेला, कुणाला तडा, एकाने तर नुसत्या खापऱ्या काढून वर रोप उगवलेलं दाखवलं. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या पोराला विचारलं, "मडकं फुटकं आहे का रे?"

"न्हाय, साहेब."

"मग फुटकं का काढलंस?"

"धड मडकं कुणीबी काढतंय, साहेब," पोरगं म्हणालं. दत्तोपंतांचे शब्द, जसेच्या तसे. मी दारात उभा होतो. मागच्या भिंतीशी दत्तोपंतांचा चेहरा अभिमानाने उजळलेला मला दिसला आणि मला वाटलं, ह्या माणसाचा गळा धरावा.

साहेबांचा शेरा शाळा समितीकडे गेला. समितीचे अध्यक्ष कळंबचे रंगराव आबा. मोठे बागाईतदार, ऊस आणि केळी, आवाज पाटाच्या ह्या काठावरून त्या काठावर जाणारा. बैठकीत ते म्हणाले, "फुटकी मडकी आमच्या उकिरड्यावर लई हायती. ती काढायला शाळा कशाला पायजे? पोरं जमीन मोजाय शिकूं देत. ह्यो ड्रॉइंगचा वर्ग दिवाळीनंतर बंद करूं."

हेडमास्तरांनी हातापाया पडून निर्णय दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारपर्यंत पुढे ढकलला. दत्तोपंत घरी आले ते जेवलेच नाहीत. मागे-पुढे कुणी नसलेला माणूस. बायको लग्नानंतर वर्षभरातच गेली होती. "मी दुकानांच्या पाट्या रंगवीन, त्याचं काही नाही," म्हणाले. "पण ही पोरं बघायला कुठे शिकतील हो? वाचायला शिकवता तुम्ही, मोजायला शिकवता. बघायला कोण शिकवतं?" मी काहीतरी तिरसट बोललो असणार. तेव्हा मी तेवढंच करत असे.

अशा वेळी माणसाने गप्प घरी बसावं की नाही? हे वीस पोरं घेऊन, सर्व्हिस मोटारीने इंदापूर तालुक्यातल्या एका जुन्या गढीवर चित्रं काढायला गेले. दिवसभर पुठ्ठा डोळ्याला लावून फिरले, पावलांनी अंतरं मोजली, आणि एका ढासळलेल्या बुरुजाकडे बोट करून पोरांना काळ आणि गर्व समजावून सांगितले. गढीत शेळ्या वळणारी माणसं हे सगळं टक लावून बघत होती. मुक्काम देवळात होता. सकाळी पुन्हा गढीवर जातात तो काय, जिथे दत्तोपंतांनी बोट केलं होतं तिथे बैल मावेल एवढा खड्डा! काठावर एक म्हातारा फावडं घेऊन बसलेला.

"मास्तर, हितं कायबी न्हाय लागलं," तो म्हणाला. "नीट इचार करून सांगा की."

पडक्यात जाऊन मोजमापं घेणारा माणूस गुप्तधनाशिवाय कशाला येईल? गावाचा हिशेब सरळ होता. फौजदारांनी दत्तोपंतांना बोलावून घेतलं, तेव्हा ह्यांनी त्यांना सगळा ग्रंथ तोंडी सांगितला, खांबापासून शेळीपर्यंत. दोन तासांनी फौजदारांनीच हात जोडून सोडलं म्हणे. पण हेडमास्तरांना पत्र आलं, आणि त्याची बातमी आबांना लागली.

आता वर्ग बुडाला, असं आम्ही धरून चाललो होतो. तेवढ्यात आबांचाच निरोप आला. कळंबला त्यांनी नवं घर बांधलं होतं, दगडी, दुमजली, खिडक्यांना रंगीत काचा. बैठकीच्या खोलीत एक अख्खी भिंत मोकळी होती. "साहेबाच्या बंगल्यात आसतं तसलं इलायती चित्र पायजे," असा निरोप. "मास्तरांनी भिंत शोभंल आशी केली, तर वर्गाचं बघतां येईल."

हेडमास्तरांनी दत्तोपंतांना समोर बसवून शपथ घातली. "साबडे, राजवाडा काढा, हंस काढा, कमळं काढा. पण जे काढाल ते उभं पाहिजे!"

"आधी धडच काढतो," दत्तोपंत म्हणाले. दिवाळीची सुट्टी होती, म्हणून लक्ष ठेवायला मला बरोबर धाडलं.

पहिले दोन दिवस मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. कोळशाने त्यांनी राजवाडा आखला. काय राजवाडा होता! उंच खांब, कमान, कमानीतून दिसणारं आभाळ. मी निर्धास्त झालो आणि आबांची केळीची बाग बघायला गेलो. तिसऱ्या दिवशी खोलीचं दार आतून बंद झालं. "रंग ओला आहे, धूळ नको," आतून आवाज आला. गणितातल्या माणसाने ह्यावर विश्वास ठेवला, ही माझीच चूक.

वास्तुशांतीच्या सकाळी भिंतीवर सतरंजी टांगलेली होती. गुरुजी आले होते, घरची माणसं जमली होती, मामलेदारही यायचे होते. आबांनी स्वतः सतरंजी ओढली.

राजवाडा पडला होता. सगळा. कमान मधोमध फुटलेली, चार खांबांतले तीन आडवे, भिंतीतून पिंपळ वर आलेला, आणि पायथ्याशी कालव्याचं पाणी, शेळ्या, एक बाई मोडक्या खांबावर धुणं वाळत घालतेय. मागून सकाळचं कोवळं ऊन. खरं सांगतो, इतकं सुंदर चित्र मी जन्मात बघितलं नव्हतं. आणि तरी मी आधी आबांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

गुरुजी "शिव शिव" म्हणाले आणि आपलं ताम्हन घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात सरकले.

"मास्तर," आबा हळू बोलले, आणि आबा हळू बोलतात हे मला तेव्हाच कळलं. "घर उभं ऱ्हाऊन आठ दिस न्हाय झालं, अन् तुमी पाडून ठिवलं?"

"आबा, ते तसं नाही. खांब म्हणजे गर्व..."

"कुणाचा गर्व?"

मी जोरात खोकलो. आबा गड्याकडे वळले. "चुना कालव रं. आन् मास्तर, सोमवारी बैठक हाय. तुमच्या वर्गाचं आता काय बोलाय नगं."

गडी घमेलं उचलून निघाला, तेव्हा दारातून आवाज आला, "थांब रं."

आबांची बायको होती, सगळे तिला काकी म्हणत. हातात आरतीचं ताट. घराचा पाया खणल्यापासून ह्या बाईला एकच घोर लागला होता: भावकीची नजर. बांधकामावर तिने काळी बाहुली आणि जुनं पायताण टांगलं होतं. मामलेदार यायचे, बरं दिसत नाही, म्हणून आबांनी ते त्याच सकाळी काढून टाकलं होतं. त्यावरून दोघांचं वाजलं होतं, आम्ही चहा पिताना ऐकलं होतं. ती चित्रापुढे येऊन उभी राहिली.

"मास्तर, ह्ये घर कुणाचं हाय?"

"कुणाचंच नाही, काकी. मनातलं."

"पर मोडल्यालं हाय न्हवं?"

"पार मोडलेलं."

"मग चुना लावू नगा," ती आबांना म्हणाली. "गोऱ्या लेकराच्या गालाला तीट लावत न्हाय व्हय आपण? ही घराची तीट हाय. तुमी बाहुली काढली, पर मास्तरांना कळलं. समदी भावकी आता येईल. त्यांची नजर काय पडायची ती ह्येच्यावर पडूं दे."

गुरुजींनी मान डोलावली आणि ताम्हन परत जागेवर आणलं. मी दत्तोपंतांकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. तीट! अडीचशे वर्षांची कारागिरी, काळ, गर्व, शहाणपण, आणि ह्या बाईने त्याचं काजळाचं बोट करून टाकलं! त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांचा पाय माझ्या पायाखाली दाबला.

आबांनी विचारलं, "व्हय मास्तर? तीट म्हणून काढलं का तुमी ह्ये?"

दत्तोपंत खोटं बोलत नसत. तोवर एकदाही मी ऐकलं नव्हतं. त्यांनी चित्राकडे बघितलं, मग गड्याच्या हातातल्या घमेल्याकडे.

"व्हय, आबा," ते म्हणाले. आबांच्याच बोलीत. "तीटच हाय."

मग भावकी आली. इंदापूरहून आलेले आबांचे चुलतभाऊ रंगीत काचा बघत होते, फरशी बघत होते, आणि दर पावलाला त्यांचा चेहरा पडत होता. बैठकीत आले, भिंत बघितली, आणि काय सांगू, माणूस टवटवीत झाला! "घर झ्याक हाय," ते आबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "भिंतीचं तेवढं वाईट झालं बगा." आणि बसून सात पुरणपोळ्या खाल्ल्या. मागून येणारा प्रत्येक जण असाच हळहळून, सुखाने जेवून गेला. काकी वाढताना माझ्याकडे बघून हसली. आबांना हसू आवरेना. "मास्तर, सोमवारची काळजी नगं," ते म्हणाले. "आसं डोकं लावणारा माणूस शाळंत पायजेच."

दत्तोपंत मात्र पानावर बसले नव्हते. मी शोधत गेलो तर ते चित्राजवळ, आणि त्यांच्याशेजारी लक्ष्मण गवंडी. ह्यानेच आबांचं घर बांधलं होतं. पटका मागे सारून तो भिंतीवर बोट ठेवून बोलत होता.

"मास्तर, ही कमान आशी पडायची न्हाय. मधला चावीचा दगड निसटला की बाजूचं बी येत्यात. तुमी मधला काढला अन् बाजूचं हवंत ठिवलं. कशावर हायती ते?"

मला वाटलं, आता ह्या माणसाचा आज तिसऱ्यांदा अपमान झाला. पण दत्तोपंतांनी गवंड्याचा हात धरला. "पुन्हा सांगा," म्हणाले. "कुठला आधी पडतो? मग कुठला?" दिवसभरात त्यांचं चित्र चित्र म्हणून बघणारा तो एकच माणूस होता. दिवे लागेपर्यंत दोघं जमिनीवर विटांचे तुकडे रचून पाडत बसले होते.

परतीच्या मोटारीत मी विचारलं, "वाईट वाटलं का?"

"वाटलं. फार वाटलं," दत्तोपंत म्हणाले. "जन्मात एक मोठी भिंत मिळाली आणि तिची तीट झाली." थोड्या वेळाने म्हणाले, "पण सोमवारी वर्ग भरेल ना?" मला त्यांच्याकडे बघवेना. इतकी वर्षं मी ह्या माणसाला नुसतं हसलो होतो, आणि त्याने आपली सगळ्यात प्रिय गोष्ट माझ्यासमोर पोरांसाठी देऊन टाकली होती. मला माझीच लाज वाटली. मी खिडकीतून ऊस बघत बसलो.

सोमवारी वर्ग वाचला. त्यानंतर कालव्याच्या काठाला जो नवं घर बांधी तो दत्तोपंतांना तीट काढायला बोलावी. ते जात. कुणालाही अर्थ सांगत नसत. पण कमानी मात्र आता बरोबर पडत, असं गवंडी म्हणे.

पुढे मला साताऱ्याला नोकरी लागली. निघायच्या दिवशी सामान मोटारीवर चढवून मी निरोप घ्यायला शाळेत गेलो. ड्रॉइंगच्या वर्गाची खिडकी उघडी होती. फळ्यापाशी हातात खडू घेऊन लक्ष्मण गवंडी उभा होता आणि त्याने भलीथोरली कमान काढली होती. पहिल्या बाकावर दोन पोरांच्या मधे दत्तोपंत बसले होते. त्यांचे गुडघे बाकात मावत नव्हते. ते मान खाली घालून वहीत कमान उतरवत होते. मी हाक मारणार होतो, पण खिडकीशीच थांबलो.

गवंड्याने एका दगडावर फुली मारली. "ह्यो दगड काढला. आता सांगा, पैला कुठला पडंल?"

सगळ्यांत आधी हात वर झाला तो दत्तोपंतांचा.

"मास्तर, तुमी थांबा," गवंडी म्हणाला. "पोरांना सांगू द्या."

दत्तोपंतांनी मुकाट्याने हात खाली घेतला.